बोटभर तेल

सासूबाई, उर्सुला नाव त्यांचं, गेल्या त्या उन्हाळ्याचं लोणचं घालूनच. नवरा मस्कतला, त्यामुळे गास गावातल्या घरात सासरे आणि मी. फोडी तेलात बुडालेल्या हव्यात, उघड्या पडल्या की बुरशी धरते, हे सासूबाईंनी इतकं ऐकवलं होतं की मला अजून ऐकू यायचं. आम्ही लोणचं खायचो, फोडी उघड्या पडायच्या आणि सकाळी पुन्हा बोटभर तेल वर. मला वाटलं, पप्पा ओततात.

"पोरी, तेल जरा बेतानं ओत," एकदा तेच म्हणाले.

"मी कुठे ओतते, पप्पा? तुम्हीच ना?"

ते बरणीकडे बघत राहिले. तळाशी चारपाच फोडी होत्या. माझ्या हातातला चमचा त्यांनी हळूच काढून घेतला.

"राहू दे. लोणचं संपलं, तर उर्सुला कशाला येईल?"