सव्हानाला गेलेली बाई

आमच्या गावात कोणी "कधीतरी जाऊ या" म्हणालं, की त्याचा अर्थ "नाही" असा घ्यायचा असतो. हे न कळायला मी काही काल इंडियानात आलेले नाही. दुकानात कोणी भेटलं की "अगं, एकदा निवांत भेटू या ना" म्हणायचं, समोरचीनं "भेटू की" म्हणायचं, आणि दोघींनी आपापली ढकलगाडी घेऊन वेगवेगळ्या रांगेत उभं राहायचं. यात कोणी कोणाला फसवत नाही. पण जूनमध्ये ग्वेन म्हणाली, "या हॅलोविनला आपण दोघींनी सव्हानाला जायला हवं, भुतांच्या गावी," आणि मी तिथल्या तिथे विचारलं, "कधी निघायचं?"

ग्वेन आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून पोरांच्या ताटात मॅश केलेले बटाटे वाढले. तिला माझा स्वभाव माहीत आहे. ती हसली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"व्हर्ना, तू म्हणजे ना, माणसाला श्वास घेऊ देत नाहीस."

"श्वास घे. मग सांग."

"बरं बाई. आदल्या दिवशी निघू. आणि सोंग कसलं घ्यायचं?"

"तूच सांग."

"आपल्याला वेगळं सोंग कशाला? केसांवरच्या जाळ्या घालू आणि हातात पळी घेऊ. अर्धं गाव पळून जाईल."

खरं सांगायचं तर मला भुतांशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त त्या संध्याकाळी घरात बसायचं नव्हतं. माझा नवरा डेल असताना, हॅलोविनला सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागणाऱ्या पोरांत आमचं दार नावाजलेलं होतं. बाकीचे लोक चिमुकल्या गोळ्या वाटायचे. डेल मोठे, अख्खे चॉकलेट बार द्यायचा. पोरं आधी आमच्याकडे यायची, आणि काही बिलंदर मुखवटा बदलून पुन्हा यायची. डेल त्यांना ओळखून न ओळखल्यासारखं करायचा. तो गेला आणि त्याच सुमारास पोरं यायचीही थांबली. त्याचं कारण डेल नव्हता, चर्च होतं. चर्चनं आपल्या मैदानात गाड्या उभ्या करून, डिक्क्या उघडून, त्यात कोळिष्टकं आणि सांगाडे लावून खाऊ वाटायला सुरुवात केली. आयांना ते फार सोयीचं पडलं. अंधारात दारोदार हिंडायला नको, अर्ध्या तासात पिशवी गच्च भरते. मलाही बोलावलं होतं. "व्हर्ना, तुमची गाडी आणा ना." मी म्हटलं, मला दार आहे, मी डिकीतून काही वाटणार नाही. हा माझा ताठा मला महागात पडला. गेल्या वर्षी मी वाडगा भरून दाराशी खुर्ची टाकून बसले आणि बेल एकदाच वाजली. पार्सलवाला होता. ते बार मी पुढे महिनाभर एकटीनं खाल्ले आणि प्रत्येक बार खाताना चिडले.

म्हणून सव्हाना. उन्हाळाभर मी या सहलीच्या मागे हात धुऊन लागले. तिथे म्हणे छत कापलेल्या जुन्या शववाहिकांतून लोकांना भुतांची घरं दाखवत फिरवतात; त्यातल्या दोन जागा मी धरल्या. मग राहायचं बघायला एका जुन्या घरातल्या हॉटेलात फोन केला. मालकीणबाई आल्थिया रॉल्स म्हणून होत्या, सावकाश, मध घोळल्यासारखं बोलायच्या.

"भुताची खोली हवी का साधी?"

"भुताच्या खोलीत काय होतं?"

"एका कप्तानाची बायको येते. पलंगाच्या पायथ्याशी बसते. नवऱ्याच्या जहाजाची वाट बघते."

"दररोज येते?"

"बाई, मी हॉटेल चालवते, तिला पगार देत नाही. आली तर आली."

"काही बोलते का?"

"बोलत नाही. नुसती बसते. पण लोक सांगतात की सोबत असल्यासारखं वाटतं."

मी ती खोली घेतली, दोन पलंगांची. ग्वेनला फोन करून सगळं सांगितलं. तिनं "वा, वा" केलं. मी रस्ता सांगितला, जेवायला कुठे थांबायचं ते सांगितलं, त्यावरही "वा" केलं. "वा"मध्ये काय काय दडलेलं असतं ते मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण माणसाला हवं तेच ऐकू येतं. सप्टेंबरात मी गल्लीभर सांगून मोकळी झाले. शेजारच्या केल्सीला किल्ली दिली. केल्सीला तीन मुलं आहेत आणि ती कायम कुठेतरी पोचायला उशीर झाल्यासारखी चालते.

"मैत्रिणीबरोबर चालले आहे," मी म्हटलं. "माझी टपालपेटी तेवढी बघशील का?"

"मिस व्हर्ना, काय मजा आहे तुमची. मला न्या ना पेटाऱ्यात घालून."

'मैत्रिणीबरोबर' हा शब्द मी जरा जास्तच मोठ्यानं उच्चारला होता. मला तो बोलायला फार आवडला होता.

निघायच्या आधी दोन आठवडे ग्वेनचा फोन आला. तिनं आधी हवेबद्दल विचारलं, मग माझ्या गुडघ्याबद्दल, आणि मी खुर्ची ओढून बसले.

"व्हर्ना, रागावू नकोस."

"बोल."

"मुलगा येतोय. नातवंडांना घेऊन. त्यांना माझ्याकडेच हॅलोविन करायचंय. मी नाही कसं म्हणू?"

"नको म्हणूस."

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"हो."

"तू जा ना तरी. तू काय, घाबरत नाहीस कोणाला."

"मी जाणारच आहे," मी म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं आणि मग ते निस्तरत बसले. तिची काही चूक नव्हती, आणि त्यामुळे तर राग काढायलाही जागा उरली नाही. मी हॉटेलात फोन करून एक माणूस कमी झाल्याचं कळवलं. मिस रॉल्स म्हणाल्या, "हरकत नाही. आमच्याकडे सकाळचा नाश्ता सगळे एकाच टेबलावर घेतात. ओळखी होतात."

शुक्रवारी पहाटे मी निघाले. केल्सीनं खिडकीतून हात केला, मीही केला. केंटकीत शिरल्यावर एका पंपावर थांबले. कॉफी घेतली. आत दोन जोडपी होती, चौघं मिळून एका रंगाचे सदरे घातलेली, छातीवर वटवाघळं. कुठल्यातरी भुतांच्या गावालाच चालली होती. त्यातली एक माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "तुमची मंडळी कुठे आहेत?"

"गाडीत," मी म्हटलं.

आणि गाडीत येऊन बसले. शेजारच्या सीटवर माझा कोट होता. मला ते नाश्त्याचं टेबल दिसायला लागलं. कुठून आलात, कोणाबरोबर आलात, अरे वा, एकट्याच? किती धाडसी हो तुम्ही. कप्तानाच्या बायकोशी माझं काही वाकडं नव्हतं, ती बिचारी काही विचारत नाही. मला भीती वाटली ती ऑम्लेट पुढे सरकवणाऱ्या माणसांची. मी तिथे गाडीत बसून रडले आणि गाडी वळवली.

कोणाला दिसू नये म्हणून रात्र होईपर्यंत वाटेतच वेळ काढला; घरी परतले तेव्हा गल्ली निजली होती. गाडी गॅरेजमध्ये घातली, शटर ओढलं, फोन बंद केला. आता दोन दिवस कोणाला दिसायचं नाही आणि रविवारी रात्री परत आल्यासारखं करायचं, असं ठरवलं. स्वतःच्या घरात चोरासारखं वावरणं किती कठीण असतं ते मला त्या शनिवारी कळलं. नळ सोडला की दचकायचं. टीव्ही बंद. टोस्टचा वास बाहेर जाईल म्हणून पाव तसाच खाल्ला. दुपारभर मी स्वयंपाकघरात, खिडकीतून दिसणार नाही अशी जमिनीवर बसून एक जुनं मासिक वाचलं, त्यातल्या पाककृतींसकट.

अंधार पडायला लागला आणि बेल वाजली.

मी गप्प बसले. परत वाजली. बाहेर पोरांचे आवाज, एक दोन नव्हे, बरेच.

"कोणी नाहीये."

"दिवा लागलाय की."

"दिवा लावून दार उघडत नाहीत, ही चीटिंग आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाराबाहेर डेलनं बसवलेला दिवा अंधार पडला की आपला आपण लागतो. दररोज लागतो, म्हणून माझ्या लक्षातच येत नाही. हॅलोविनला विझलेला दिवा म्हणजे येऊ नका आणि लागलेला म्हणजे या, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. मी अख्ख्या गल्लीला बोलावणं धाडून स्वतः जमिनीवर लपून बसले होते. पण ती पोरं आज चर्च सोडून इथे कशी? तेही बाहेरच कळलं. कोणाचा तरी बाप सांगत होता की आठवडाभराच्या पावसानं चर्चचं मैदान चिखल झालंय, गाड्या रुतायला लागल्या, म्हणून यंदा सगळं रद्द. यंदा सगळ्यांनी पूर्वीसारखं दारोदार जायचं.

बेल वाजत राहिली. ज्या आवाजासाठी मी चार हॅलोविन दाराशी बसून काढले, तो आता थांबेना, आणि मला उठता येईना. घरात एक चॉकलेट नव्हतं. शिवाय मी सव्हानात होते. मैत्रिणीबरोबर.

"इथे मोठे बार मिळायचे," एक मोठी मुलगी कोणाला तरी सांगत होती. "अख्खे. खरंच. एक आजोबा द्यायचे."

ते ऐकून मी उठले. दिव्याचं बटण दाराच्या आत, काचेशेजारीच आहे. उभं राहून गेले असते तर काचेतून दिसले असते, म्हणून हातापायांवर रांगत निघाले. गुडघ्यानं शिव्या घातल्या. निम्म्या वाटेत पोचले आणि बाहेरून केल्सीचा आवाज आला.

"अरे, थांबा. मिस व्हर्ना सव्हानाला गेल्यात. दिवा चुकून राहिलाय. मी बंद करते, माझ्याकडे किल्ली आहे."

पळायला वेळच मिळाला नाही. दार उघडलं. मी पॅसेजमध्ये गालिच्यावर, चार पायांवर. केल्सी दारात, तिच्या शेजारी अंतराळवीर झालेली तिची धाकटी मेबल, आणि त्यांच्या मागे चेटकिणी, डायनासोर, एक लहानसा टोस्टर.

मेबलनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"हे त्यांचं भूत आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं. "मीच आहे."

केल्सीनं मला हात देऊन उठवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मिस व्हर्ना, बरं आहे ना? लवकर परत आलात का? गाडी बिघडली का?"

बिचारीनं मला वाटही काढून दिली होती. हो, गाडी बिघडली, एवढंच म्हणायचं होतं, आणि सगळं जागच्या जागी राहिलं असतं. शब्द जिभेवर आला होता. पण मागे एवढी पोरं उभी होती, पिशव्या उघडून, काय हवं ते चारचौघांत मागायला कोणालाच लाज वाटत नव्हती.

"गेलेच नाही," मी म्हटलं. "ग्वेनला जमलं नाही. आणि एकटीला मला जाववलं नाही. कालपासून इथेच लपून बसले आहे."

कुठे बघावं ते केल्सीला समजेना. तिनं भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. "बंद करू का?" तिनं हळूच विचारलं.

"राहू दे."

मी दारात उभी राहिले आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं की खाऊ नाही, मला माफ करा, पण तू कोण झालायस ते सांग. त्यांनी सांगितलं. टोस्टरनं वरचा पाव उडवून दाखवला. काही जण नाराज झाले आणि तसं बोलूनही दाखवलं. मोठी मुलगी म्हणाली, "पण तुम्ही आधी द्यायचात." मी म्हटलं, "द्यायचो." मग ती पोरं पुढच्या दाराकडे पळाली आणि केल्सी मेबलचं शिरस्त्राण सरळ करत पायरीवर उभी राहिली. तिचे दोघं मोठे कोपऱ्यावरून हाका मारत होते.

"मला जायला हवं," ती म्हणाली. "पण मिस व्हर्ना, आपण भेटू या हं. कधीतरी निवांत कॉफी घेऊ."

तिला मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. अशा वेळी "भेटू की" म्हणायचं असतं. मग ती सुटते आणि मी दार लावते.

"केव्हा?" मी विचारलं.

ती थबकली. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. तिला मुलं होती, धुणं होतं, सोमवारची शाळा होती, हे सगळं तिच्या तोंडावर मी एकेक करून वाचलं, आणि तरीही तोंड फिरवलं नाही. आयुष्यात कोणापुढे एवढा हात पसरला नव्हता.

"उद्या?" ती म्हणाली. "चर्च सुटल्यावर? मुलं असतील बरोबर. गोंधळ असेल."

"किती वाजता?"

"बारा," केल्सी म्हणाली, आणि मी मान हलवेपर्यंत पायरीवरून उतरली नाही.