एक्केचाळीस नंबरची पाटी

नाक मोजायला माणसं आलीत म्हटल्यावर आमच्या घरात आधी हशाच पिकलेला. साल चौऱ्याहत्तर. बाळकुममध्ये तेव्हा टॉवर कुठले, भातशेती होती आणि आमची पन्नासेक ख्रिस्ती घरं. चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर फादरनी सांगितलं, मोठे प्रोफेसर आलेत, रक्त तपासणार आहेत, कुणी घरी जायचं नाही. फादर बोलले म्हणजे संपलं. आम्हाला वाटलं औषधपाणी मिळणार. अख्खं गाव रविवारच्या कपड्यांत रांगेत उभं.

लोखंडी चिमट्यानं नाक मोजलं, कपाळ मोजलं, नळीभर रक्त काढलं आणि छातीशी नंबरची पाटी धरायला लावून फोटो काढला. माझा भाऊ ऑस्वल्ड तेव्हा बावीसचा. त्याच्या हातात एक्केचाळीस. फोटो काढताना मेल्यानं डोळा मारला, तर प्रोफेसर केवढ्यानं ओरडले! जाताना ते फादरना म्हणाले, या लोकांत थोडं फिरंगी रक्त दिसतंय. मग काय विचारता, आमचे म्हातारे महिनाभर छाती काढून हिंडत होते. रिपोर्ट काही आला नाही. आणि विचारणार तरी कोण?

परवा, पन्नास वर्षांनी, डॉक्टर विनिता म्हणून एक बाई माझ्या दारात. आता रक्त नको म्हणे, लाळ पुरते. मी रिटायर्ड नर्स, गावातले जुने लोक माझं ऐकतात, म्हणून मी त्यांना गोळा करायचं.

"मॅडम, तुमचं गाव आमच्या विषयात फेमस आहे," असं म्हणत तिनं त्या प्रोफेसरांचा शहात्तर साली छापलेला लेख माझ्यापुढे ठेवला. वर समजावलंही. इंग्रज साहेब नाकं मोजून कुठली जात वरची, कुठली खालची ते ठरवायचे. मग रक्तगट आले, मग जीन. "आता तसलं काही नाही हं. कुठला जीन कुठल्या समाजात किती टक्के, एवढंच बघतो आम्ही."

मी चष्मा लावला. नाकांची सरासरी, रक्तगट, आणि खाली एक तक्ता. रक्तातल्या एका एन्झाइमची कमतरता, बासष्ट पुरुषांत सात जणांना. अकरा पूर्णांक तीन टक्के. तळटीपेत त्या सातांचे नंबर. आठ, एकोणीस, तेवीस, एक्केचाळीस. पुढचे मी वाचलेच नाहीत.

ही कमतरता असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. पण मलेरिया मुळापासून जावा म्हणून जी चौदा दिवसांची गोळी देतात ना, ती त्याला चालत नाही. रक्त आतल्या आत फुटतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, अंग पिवळं पडतं. हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. तेव्हा कोण कुठला ऑस्वल्ड, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

कारण ऑस्वल्ड दारूनं गेला होता ना! त्र्याऐंशी साली. वागळे इस्टेटमध्ये लेथवर कामाला होता, लग्नकार्यात प्यायचा, थोडी जास्तच प्यायचा. मलेरिया झाला, पाठोपाठ कावीळ, आणि दहाव्या दिवशी खेळ खलास. कावीळ म्हटल्यावर सगळ्यांनी लिव्हर म्हटलं. फादरनी दफनाच्या वेळी व्यसनावर प्रवचन दिलं, आणि मी मान हलवली. वहिनी दोन वर्षांत दुसरं लग्न करून वसईला गेली. तीन वर्षांची बियांका मी वाढवली, आणि वाढवताना उठता-बसता तिला ऐकवलं, तुझा बाप पिऊन मेला. तिचा मुलगा ॲरन आता एकोणीसचा आहे. ख्रिसमसला त्यानं बिअरचा ग्लास उचलला, तर मी सगळ्यांदेखत म्हटलं, जा, आजोबाच्या वाटेनं जा.

"हे यांना माहीत होतं?" मी विनिताला विचारलं. "त्र्याऐंशीच्या सात वर्षं आधी?"

"मॅडम, अभ्यास समाजाचा असतो. एका माणसाचा नसतो."

"मग मरतो कोण, समाज?"

तिनं संमतीचा फॉर्म माझ्या हातात दिला. त्यावर आठवा मुद्दा होता, कुणालाही वैयक्तिक रिपोर्ट दिला जाणार नाही. पन्नास वर्षांत एवढीच सुधारणा, तेव्हा न सांगताच दिला नाही, आता देणार नाही असं लिहून देतात. मी फॉर्म तिच्या हातात परत कोंबला. एक्केचाळीस नंबर माझा भाऊ, त्याला मुलगी आहे, नातू ॲरन आहे, हे माझ्याकडून ऐकल्यावर तिनं जाता जाता एक मात्र सांगितलं. हा दोष बापाकडून मुलीकडे जातोच, आणि तिच्या मुलाकडे जायची शक्यता निम्मी. ॲरनची टेस्ट करून घ्या.

तसाच तो लेख पर्समध्ये घातला आणि डोंबिवलीला बियांकाकडे गेले. रिक्षात बसल्या बसल्या सगळं मनात जुळवलं. प्रोफेसरना शिव्या कशा घालायच्या, फादरना काय म्हणायचं, गोळ्या लिहून देणाऱ्या ऑस्वल्डच्या कंपनीच्या डॉक्टरला काय. संताप नुसता उकळत होता. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

बियांकानं तक्ता वाचला. एक्केचाळीसवर बोट ठेवून बसली. "म्हणजे डॅडी दारूनं नाही गेले."

"नाही गं. गोळ्यांनी." रक्त कसं फुटतं, लघवी कशी काळी होते, सगळं तिला सांगितलं.

ती रडली. चाळीस वर्षं शरमेनं मान खाली घातलेली पोर, मोठ्यानं रडली. मी पाठीवरून हात फिरवत प्रोफेसरांचा उद्धार चालूच ठेवलेला. ॲरनची टेस्ट उद्याच करू, म्हटलं.

मग तिनं डोळे पुसले. "पण आंटी, लघवी काळी व्हायला लागल्यावर गोळ्या थांबवल्या नाहीत कुणी?"

कंपनीच्या दवाखान्यात तेव्हा मीच नर्स होते. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली आणि हा गोळ्या चुकवेल म्हणून त्या माझ्या ताब्यात दिल्या. चौथ्या दिवशी ऑस्वल्ड म्हणाला, आयरीन, नको गं, काळं होतंय. मी म्हटलं, दारूची उष्णता ती, तोंड उघड.

"आंटी?"

"मी द्यायचे," मी म्हटलं. "नवव्या दिवसापर्यंत. एकही चुकू दिली नाही."

बियांकानं माझा हात पाठीवरून काढून माझ्याच मांडीवर ठेवला आणि ॲरनला फोन लावायला आत गेली.