डिस्कची घरघर

"जावयाला शिव्या नंतर घाला, काका. आधी सांगा, त्यानं हात लावल्यावर डिस्कवर काही नवीन भरलंत का?"

"छे! तशीच उचलून तुमच्या दुकानात आणली."

काका म्हणजे बसचं स्टिअरिंग तीस वर्षं फिरवलेला माणूस. जावयानं साफसफाई म्हणून त्यांच्या डिस्कचे नव्यानं दोन भाग पाडले, आणि काकूंचं रेकॉर्डिंग उडालं. काकूंना जाऊन वर्ष झालेलं. त्यांचा आवाज म्हणून घरात तेवढंच होतं.

"गाणं म्हणायच्या का?" मी विचारलं.

"गाणंच म्हणा," काका चक्क लाजले.

फायली परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. पहिला भाग तपासला, शून्य. दुसरा, शून्य. दुसरं सॉफ्टवेअर लावलं, तेही ठणठण गोपाळ.

"ब्रेक फेल का हो, मिस्त्री?" काकांचा चेहरा एवढासा झाला.

मग माझी ट्यूब पेटली. जावयानं घातलेल्या नव्या भिंतींच्या आत मी शोधत बसलो होतो, आणि सामान तर जुन्या खोल्यांतलं! भागबीग सोडले अन् अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळायला लावली. सापडलेलं त्याच डिस्कवर ठेवलं तर उरलंसुरलंही पुसलं जातं, म्हणून माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

दोन तासांनी फायली आल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. एक लावली, तर कुत्रा भुंकतोय. दुसरीत काका शिट्टी वाजवतायत. तिसरी लावली, तर काहीच नाही. आणि एकदम टेबलावर सुरू झालं, घर्रर्र... फुस्स्. घर्रर्र...

"गेली! डिस्क गेली!" मी वायर उपटायला झेपावलो.

काकांनी माझं मनगट धरलं. "अहो, डिस्क कुठली? आमची ही आहे ती!"

"काकू?"

"मी घोरतच नाही म्हणून भांडायची. म्हटलं, पुरावाच ठेवू. सकाळी ऐकवलं, तर म्हणते कशी, हा तुमच्या बसचा आवाज!"

मी पोट धरधरून हसलो. काकाही हसले. माझं हसू ओसरलं तेव्हा बघतो तर काका स्पीकरला कान लावून बसलेले.

तेवढ्यात दारातून एक बाई गरजल्या, "मिस्त्री, माझा कॉम्प्युटर झाला का?"

काकांनी मागं न बघताच हात वर केला.

"हळू बोला हो, झोपलीये."