कागदावरचा रिकामा प्लॉट

"बाबा, सव्वा लाख वाचतात!" मोबाइलवरचा आकडा तिसऱ्यांदा तपासून नूपुर ओरडलीच.

चंद्रभान हिंगण्याच्या कंपनीतून नुकताच आला होता. सक्करदऱ्यातल्या ज्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत तो सोळा वर्षं भाड्यानं राहत होता, तेच घर आता विकत घ्यायचं ठरलं होतं. घरमालक नत्थूजी आणि शोभाताई कळमेश्वरला मुलाकडे कायमचे जाणार होते. किंमत ठरली, गोड खाऊन झालं. अडलं ते मुद्रांक शुल्कापाशी! सरकारी भाव आणि ठरलेली किंमत, यांत जी रक्कम मोठी तिच्यावर हे शुल्क बसतं. अकरावी कॉमर्सचा सगळा रुबाब पणाला लावून नूपुरनं त्याचा अंदाज काढला, तेव्हा तो ऐकून आईची, कुसुमची, पोळी तव्यावरच करपली होती.

मग दलाल अंकितनं युक्ती सांगितली. "विक्रीपत्रात घर दाखवूच नका ना भाऊ! खुला प्लॉट लिहू. किंमत कमी, शुल्क कमी. बाकीचे काकाजीले नगदी द्या. सगळेच करून राहिले!"

नूपुरनं घर वगळून पुन्हा अंदाज काढला आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. सव्वा लाखात गळका स्लॅब दुरुस्त झाला असता.

रविवारी सकाळी सगळे खालच्या खोलीत जमले. अंकितनं मसुदा वाचायला घेतला, "सदर भूखंड रिकामा असून त्यावर कोणतेही बांधकाम नाही..."

हरभऱ्याची भाजी निवडता निवडता शोभाताई थांबल्या. "बांधकाम नाही? मंग मी आता बसली कुठं?"

सगळे हसले. नत्थूजी मात्र हसले नाहीत. ते उठले आणि कपाटातून एक फुगलेली पिशवी घेऊन आले. तीत घरटॅक्सच्या जुन्या पावत्या होत्या.

"तीस वर्षं घराचा टॅक्स भरला. आता म्हणता घरच नाही! काहून गा चंद्रभान?"

"काकाजी, कागदापुरतंच हाय ते..." चंद्रभान पुटपुटला.

"स्लॅब टाकला तो मे महिना होता गा. मजूर आलेच नाहीत. साऱ्या गल्लीनं रांग करून घमेली वर चढवली. शोभानं वडाभात केला. ताटल्या कमी पडल्या, तं लोकांनी आपापल्या घरून आणल्या. हे काय रिकाम्या प्लॉटवर झालं?"

"काकाजी, भावना अलग, कागद अलग," अंकित म्हणाला.

"कागदाचंच सांगतो, ऐक! तवा इथं नळ नव्हता, रस्ता नव्हता. पावसात सायकल खांद्यावर घेऊन घरी येत होतो. नळ आला त्या दिवशी शोभानं तोटीले हळदकुंकू लावलं. कोठून आला तो? कोण्या अनोळखी माणसानं इमानदारीनं भरलेल्या करातूनच ना? आज आपण लपवलं, तं पुढच्या वस्तीत नळ कुठून येईल? मी खोट्यावर सही करत नाही. घर नाही विकलं तरी चालेल!"

नूपुरनं मोबाइलवरचा हिशेब बंद केला. सौदा मोडला!

तिची नजर लोखंडी जिन्यावर गेली. चार दिवसांची असताना आईच्या कुशीत ती याच जिन्यानं वर गेली होती. तिसऱ्या पायरीवरून पडली तेव्हा शोभाआजीनंच हळद दाबली होती. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या खालच्या कूलरपुढे, ओल्या वाळ्याच्या वासात गेल्या. आणि कागद म्हणतो, इथं काहीच नव्हतं! मग ती वाढली तरी कुठं? तिचं बालपण पुसायचा हिशेब तिनं स्वतःच केला होता, तोही टाळ्या पिटत!

"आजोबा, मीच चुकली," ती एकदम म्हणाली. "बाबा, स्लॅबवर यंदा ताडपत्री टाकू. पण घर लिहू. पूर्ण!"

"कंपनीत एक नट ढिला दिसला तं मी पूर्ण पेटी परत पाठवतो," चंद्रभान म्हणाला. "अन् इथं आख्खं घरच लपवायले निघालो होतो! अंकित, फाड तो कागद."

दुसऱ्या दिवशी नूपुर आईला घेऊन नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "राहतं घर बाईच्या एकटीच्या नावानं घेतलं, तर शुल्कात एक टक्का सूट आहे. रिकाम्या प्लॉटला नाही मिळत हो!"

संध्याकाळी घर कुसुमच्या नावानं घ्यायचं ठरलं, तेव्हा चंद्रभान म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर भाडेकरूच राहिलो!"

"भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं," कुसुम म्हणाली.

सूट मिळूनही शुल्क भरपूरच होतं. त्या पावसाळ्यात स्लॅबवर खरंच ताडपत्री आली.

नोंदणीच्या दिवशी नूपुरनं नवं विक्रीपत्र मोठ्यानं वाचलं. तळमजला, वर दोन खोल्या, लोखंडी जिना, नळजोडणी... नत्थूजी डोळे मिटून ऐकत होते, जणू शेवटचं एकदा घरातून फेरी मारत होते. शोभाताईंनी पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, "अन् तुळशीचा ओटा वं? तो राहिला ना!"

नूपुरनं तोही लिहायला लावला. मग नत्थूजींनी सही केली.

मित्रांनो, घर घेताना शुल्काचा अंदाज जरूर काढा, सवलती विचारा, पण खरं तेच लिहा! आपल्या दारातला नळ कुणीतरी खरं लिहिलं म्हणून आला आहे. पुढच्या दारात तो आपल्या खऱ्या कागदामुळे पोचू द्या!