गळालेला शब्द

त्याचं खरं नाव काय, हे बायकोलाही कागद पाहिल्याशिवाय आठवत नसे. सगळं गाव त्याला हॅलोकाका म्हणायचं. सेल लागला, सर्कस आली, दिवसभर पाणी बंद राहणार असलं किंवा कुणाची म्हातारी आई बाजारात चुकली, की एका जुनाट गाडीच्या टपावर दोन भोंगे बांधून हॅलोकाका निघायचा. गाडी त्याचा मेहुणा चालवायचा आणि काका शेजारी माइक धरून बसायचा. आवाज असा मधाळ, की सतरंज्यांच्या सेलबद्दल बोलू लागला तर ऐकणाऱ्याला वाटावं, घरात सतरंजी नाही म्हणजे आपला जन्म फुकट गेला.

मग तो ताप आला. आधी बातम्यांत आला, मग शेजारच्या शहरात, आणि एके दिवशी बाजारामागच्या गल्लीत. विषाणूचं नाव कुणाला धड उच्चारता येईना, म्हणून सगळे नुसतं 'तो ताप' म्हणू लागले. ज्यांना तो व्हायचा त्यांतली निम्मी माणसं दगावत, एवढं मात्र खरं होतं. बाकी ज्याच्या तोंडाला जे येईल ते. कुणी म्हणे फोन कानाला लावला की होतो. कुणी म्हणे दवाखान्यात नेतात ते परत न पाठवण्यासाठीच, तिथे एक इंजेक्शन देतात की झालं. घड्याळं दुरुस्त करणारा एक साधा, एकटा माणूस होता, सगळे त्याला घड्याळवाला म्हणत. साऱ्या गावाची मनगटं त्याच्या हाताखालून जातात, तेव्हा ताप त्याच्याच दुकानातून पसरला असणार, असंही एकाने शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाने घड्याळं काढून डब्यात टाकली आणि जो तो दुसऱ्याला वेळ विचारू लागला.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी हॅलोकाकाला बोलावलं आणि एक छापील कागद हातात दिला. "जसा आहे तसा वाचा. गल्ली न् गल्ली फिरा."

कागद मोठा कडक होता. त्यातली सगळी वाक्यं 'नये' नाहीतर 'यावे'वर संपत. त्यातलंच एक असं: 'आजारी व्यक्तीला घरात लपवून ठेवू नये.' काका कागद वाचू लागला तो कागदाच्याच आवाजात. त्याचा मध कुठे गेला कोण जाणे.

पहिल्याच आठवड्यात गाडी एका बोळात बंद पडली. मेहुण्याने बॉनेट उघडून खाटखूट केली, धक्का मारला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी योगायोगाने त्याच बोळातून एका बाईला दवाखान्याच्या गाडीतून नेलं, आणि ती वाचली नाही. झालं! गोष्टीला पाय फुटले. हॅलोकाकाची गाडी ज्या दारासमोर थांबते, त्या घरातलं माणूस उद्या उचलतात. मग भोंगा लांबून ऐकू आला की खिडक्या धडाधड लागू लागल्या. एका ठिकाणी तर वरून वीट आली आणि डाव्या भोंग्याला पोचा पडला.

मेहुणा आधीच घाबरट, त्याचं तर तोंडचं पाणी पळालं. "दाजी, वाचा तुम्ही हवं तेवढं," तो म्हणाला, "पण मी गाडी थांबवणार नाही. आजपासून ब्रेक विसरा."

तेव्हापासून गाडी गल्लीबोळांतून अशी सुसाट जाऊ लागली, की पहिल्या घराला वाक्याचं डोकं मिळे आणि पुढच्याला नुसतं शेपूट. खड्ड्यात चाक गेलं की माइकची सैल वायर तुटल्यासारखी व्हायची आणि एखादा शब्द पार गळून जायचा. काकाच्या ते लक्षात येत होतं. पण आपलं काम वाचायचं, ते आपण करतोय, असं तो स्वतःला समजावत राहिला.

एके सकाळी एका अरुंद गल्लीत समोर लाकडं भरलेला ट्रक आडवा आला आणि गाडीला थांबावंच लागलं. काकाने सहज बाजूला पाहिलं. एका दुमजली घराचा जिना रस्त्यालाच उघडा होता. जिन्याच्या तळाशी, पहिल्या पायरीला लागून, गादीवर कुणीतरी पडलं होतं. उशाशी पाण्याची बाटली होती, एका ताटलीत पाव होता आणि ताटली पुढे सरकवायला वापरलेली केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली होती. काका जरा वाकून बघतो, तर तो घड्याळवाला. याच घरात वरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा.

वरची खिडकी दोन बोटं उघडी होती. तिच्यामागे घरमालकीण उभी होती.

काका ओरडला, "अहो बाई, हे इथे का पडलेत? यांना झालंय काय?"

"ताप आहे. परवापासून."

"मग दवाखान्यात कळवायचं, की माणसाला जिन्यात टाकायचं?"

खिडकी आणखी थोडी उघडली. "वा! आता मलाच विचारता? तुम्हीच ओरडून गेलात ना, आजारी माणसाला घरात ठेवू नये? आणि दवाखान्यात पाठवून यांना मारायचं पाप मी का घेऊ?"

"मी 'लपवून' म्हणालो! लपवून ठेवू नये!"

"लपवून कुठे म्हणालात? या दोन कानांनी ऐकलंय मी. माझी लेक साक्षीला आहे, सगळी गल्ली आहे." तिने खिडकी सताड उघडली. "माझ्या घरात तान्हं पोर आहे. मी काय वैरीण आहे का त्यांची? सहा वर्षं मावशी मावशी करत आलेत ते."

काकाने मागे वळून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी चांगला हातभर खड्डा होता. तो शब्द तिथेच पडला असणार. एवढी वर्षं हा आवाज विकून पोट भरलं, आणि त्याच आवाजाने एका आजारी माणसाला अंथरुणासकट बाहेर काढलं होतं.

ट्रक हलला. मेहुणा म्हणाला, "दाजी, बसा लवकर."

"तू जा."

"दाजी, अहो, ताईला मी काय सांगू?"

काकाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, पत्ता सांगितला आणि समोरच्या ओट्यावर, घड्याळवाल्यापासून चार हात लांब, बसून राहिला. मेहुण्याने गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली, आणि मग बंद केली. गेला मात्र नाही. काचा वर करून आतच बसला.

घड्याळवाल्याने डोळे उघडले. "काका, तुमचा आवाज चांगला आहे हो," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "पण परवा ऐकताना वाटलं, सगळं माझ्याबद्दलच चाललंय."

"माझंच चुकलं."

"तुमचं कसं? तुम्ही वाचत होता." तो खोकला. "रात्री फरशी फार गार पडते. तेवढं एक सोडलं तर बरं होतं."

दवाखान्याची गाडी आली. प्लास्टिकचे पोशाख घातलेली माणसं उतरली तसं गल्लीत चिटपाखरू दिसेना. घड्याळवाल्याला स्ट्रेचरवर ठेवताना घरमालकीण मात्र खिडकीतून हलली नाही. पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत बघत राहिली.

घरी काकाने अंघोळ केली, कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती, पाय न थांबवता ऐकत होती.

"ध चा मा झाला म्हणायचा," ती म्हणाली. "पण खरं सांगू? शब्द गळला नसता तरी मी घाबरलेच असते. तुम्ही तो कागद वाचता तेव्हा मला वाटतं, दारात पोलीस उभा आहे. सतरंज्या विकताना कसे बोलता? तसं बोला की."

दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी डोळे चोळले, कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला आणि स्वतःच थांबल्या. "हा आम्ही चौघांनी मिळून लिहिला," त्या म्हणाल्या, "आणि चौघांपैकी एकालाही तो बोलायचा नव्हता. बसा. तुम्ही तुमच्या भाषेत सांगा, कुठे चुकलं तर मी टोकते."

दोघं सकाळभर बसले. काकाची एकच अट होती, मधला कुठलाही शब्द गळला तरी वाक्य उलटता कामा नये. मग 'लपवून ठेवू नये'च्या जागी आलं, 'घरात कुणी आजारी आहे? आम्हाला सांगा. आम्ही येतो.' डॉक्टरीणबाईंनी दोन ठिकाणी त्याला अडवलं. 'घाबरायचं काही कारण नाही' हे त्याचं वाक्य त्यांनी सरळ खोडलं. "कारण आहे," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला? घाबरलात तरी चालेल, पण कळवा, असं सांगा."

मेहुण्याने वायर पक्की जोडून आणली. ब्रेक मात्र त्याला अजून आठवत नव्हता. शेवटी बहिणीनेच दम भरला, "गाडी थांबवणार नसशील तर किल्ली माझ्याकडे दे, मी चालवते." तिला सायकलही येत नव्हती. मेहुणा निमूट तयार झाला.

पहिला मुक्काम त्याच गल्लीत. इंजिन बंद केलं. खिडक्या लागलेल्या.

"मी हॅलोकाका बोलतोय," काका म्हणाला, आणि या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता. "परवा माझ्या भोंग्यातून एक शब्द गळला आणि तुमच्या गल्लीत एका आजारी माणसाचे हाल झाले. दोष घरमालकीणबाईंचा नाही, माझा आहे. आज मी गाडी थांबवून सांगणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी इथेच आहे."

मग कुठल्याशा खिडकीमागून एक म्हातारा आवाज आला, "घड्याळ घातलं तर होतो का हो?"

"नाही आजोबा, घाला खुशाल. किती वाजले ते आम्हालाही सांगा."

कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या खिडकीतून प्रश्न आला, मग तिसऱ्या. जे माहीत होतं ते काकाने सांगितलं. माहीत नव्हतं तिथे म्हणाला, "हे मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंना विचारतो आणि उद्या येऊन सांगतो." आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. तो परत येतो हे कळल्यावर खिडक्या जरा आधी उघडू लागल्या. कुणी दबक्या आवाजात विचारू लागलं, आमच्याकडे एकाला परवापासून बरं वाटत नाही, काय करू?

काही आठवड्यांनी घड्याळवाला घरी आला. वाळून काठी झाला होता, पण चालत आला. त्याला तो ताप नव्हताच. साधा ताप होता, पण गार फरशीवर पडून छाती भरली आणि तेच जिवावर बेतलं होतं. पण गावाला एवढं ऐकायला सवड कुठली? घड्याळवाला त्या तापातून उठून आला, ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचली. दवाखान्यातून माणूस परत येतो तर! दोन दिवसांत पाच घरांनी आपणहून आजारी माणसं दाखवली.

मेहुणा खूश झाला. "राहू दे ना दाजी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अफवा आपल्या बाजूने आहे."

काकालाही मोह झालाच. पण त्याने आधी घड्याळवाल्याचं दार गाठलं. तो खुर्चीत पांघरूण घेऊन बसला होता.

"नाही काका, खरं तेच सांगा," तो म्हणाला. "उद्या कळलं की मला तो ताप नव्हताच, की लोक म्हणतील, बघा, खोटंच होतं, कुणी परत येत नाही. मग जे खरंच बरे झालेत, त्यांच्यावरही विश्वास बसायचा नाही."

एवढ्यात घरमालकीण वाटीत गरम सूप घेऊन आली. घड्याळवाल्याने वाटी घेतली आणि "द्या, बाई" म्हणाला. मावशी नाही म्हणाला. ती दारातच घुटमळली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"पोर लहान होतं घरात. मीही घाबरलोच असतो." त्याने हे मनापासून म्हटलं. तरीही तो पुढेही बाईच म्हणत राहिला, आणि तिने कधी त्याबद्दल तक्रार केली नाही.

काकाने गल्लोगल्ली खरं तेच सांगितलं. "घड्याळवाल्यांना तो ताप नव्हता. दवाखान्यात तपासलं म्हणून हे कळलं, आणि उपचार मिळाले म्हणून ते जगले." लोकांचे चेहरे पडले. तेव्हा बाजारामागच्या गल्लीत एक फुलं विकणारी बाई दारात येऊन उभी राहिली. इतके दिवस तिने ही गोष्ट लपवली होती. "मला तो ताप होता," ती मोठ्याने म्हणाली. "मी उठले. माझा भाऊ नाही उठला, आम्ही त्याला उशिरा नेलं." काकाने माइक पुढे केला. तिने तो नाकारला, आणि तेच वाक्य पुन्हा, आधीपेक्षा हळू, म्हटलं. गल्लीने ते ऐकलं.

ताप लगेच गेला नाही. आणखी माणसं गेली, काही काकाच्या चांगल्या ओळखीची. पण हळूहळू आजारी माणूस लपवण्यापेक्षा कळवणं लोकांना सोपं वाटू लागलं, आणि थंडी संपता संपता दवाखान्याचा तो वेगळा वॉर्ड रिकामा झाला.

त्यानंतर काकाला पहिलं काम मिळालं ते पडद्यांच्या सेलचं. भोंग्याचा आवाज आला की काही घरांच्या खिडक्या अजून सवयीने लागत. मेहुण्याला त्याचं वाईट वाटायचं. काका म्हणाला, "लागू देत. अंगात शिरलेली भीती एका दिवसात निघत नाही." एका कोपऱ्यावर त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि पडद्यांचे रंग सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळाने वरची एक खिडकी उघडली आणि एका बाईने विचारलं, "मापाप्रमाणे शिवून देतात का?"

"देतात की," काका म्हणाला. "माझी बायकोच शिवते."