जोडसायकल न्यायची कशी

जोडसायकल घरी आली त्या दिवशी ओमानमधल्या बहला गावातली निम्मी गल्ली बघायला जमली. मस्कतमध्ये नोकरी करणारा एक परदेशी इंजिनिअर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून झुवैनाने ती घेतली. दोन सीट, दोन हँडल, दोन जोड्या पेडल. नवऱ्याने, बद्रने, ती आपल्या पिकअपमधून आणली आणि अंगणात उतरवून म्हणाला, "आता यावरून शाळेत जाणार का बाई? मागे मुख्याध्यापिकेला बसवून?"

झुवैना भूगोल शिकवायची. सायकल तिने स्वतःसाठी घेतलीच नव्हती. तिचा थोरला भाऊ खलफान लाकडी दरवाजे कोरायचा. एके काळी तो सायकलवरून जबरीनच्या माळावर जायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचा. मग त्याला रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि चार वर्षांत सगळंच गेलं. मुलं नोकरीला मस्कतला, बायको घरात. तो बैठकीच्या खोलीत गादीवर बसून रेडिओ ऐकायचा. कुणी फिरायला नेतो म्हटलं तर म्हणायचा, "मी काय पोतं आहे का, उचलून न्यायला?"

सायकलवर मात्र त्याने पाचही बोटं फिरवली. पुढच्या हँडलपासून मागच्या चाकापर्यंत. मग विचारलं, "पुढे कोण?"

"मी," झुवैना म्हणाली.

"तुला चालवता येते?"

"येईल."

ती महिनाभर शाळेच्या मैदानावर शिकली, तीन वेळा पडली. पण बहलाच्या बाजारातून ही लांबलचक सायकल काढणं शक्य नव्हतं. चालवायची तर जबरीनच्या मोकळ्या रस्त्यावरच, आणि तिथवर ती गाडीवर टाकून न्यायला हवी. बद्रची पिकअप होती, पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे तो बागेत खजुरीला पाणी सोडायला जायचा. शिवाय खलफानने स्पष्टच सांगितलं, "बद्रच्या वेळेने जायचं असेल तर मी रेडिओ ऐकतो."

झुवैनाकडे तिची स्वतःची जुनी एसयूव्ही होती. एका शनिवारी सायकल पिकअपमध्ये टाकून बद्र पुढे आणि झुवैना-खलफान गाडीतून मागे, अशी वरात मस्कतला सायकलच्या सामानाच्या दुकानात गेली. बद्र सायकल उतरवून आपल्या कामाला निघून गेला.

दुकानातला मुआध पंचविशीचा, बोलण्यात चटपटीत. "खाला, काळजी करू नका. सायकल न्यायच्या स्टँडचे तीन प्रकार आहेत. मागच्या दारावर पट्ट्यांनी टांगायचा, खाली ट्रेलर ओढायच्या हुकाला लावायचा, नाहीतर टपावर."

पहिला प्रकार गाडी पाहताच बाद झाला. मागच्या दारावर जादा चाक होतं, पट्ट्या बसल्या तरी सगळा भार दारावर आला असता. दुसरा झुवैनाला आवडला. खाली, कमरेच्या उंचीवर, उचलायचं फारसं नाही. मुआध स्टँड काढायला वळला तेवढ्यात खलफानने विचारलं, "गाडीची रुंदी किती?"

मुआधने फीत लावली. "एक मीटर अठ्ठ्याऐंशी."

"आणि सायकल?"

"दोन मीटर चव्वेचाळीस."

"म्हणजे दोन्ही बाजूंनी वीतभरापेक्षा जास्त बाहेर. आमच्या गल्लीत दोन शेळ्या आणि एक म्हातारा घेऊनच घरी पोचेल ही."

मुआध हसला आणि त्याने स्टँड परत ठेवलं. उरलं टप. त्याने टपावर आडवे दांडे बसवले, त्यावर लांब पन्हाळीसारखी पट्टी. सायकल तिच्यात उभी राहणार. झुवैना चार फूट अकरा इंच. तिने पायरीवर चढून पुढचा भाग धरला, खलफानने मागचा. "हं, उचल," ती म्हणाली. उचलली. "डावीकडे... नाही, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या..." चाक पट्टीत न बसता टपावर धपकन आपटलं, घसरलं, आणि पेडलने दारावर हातभर ओरखडा ओढला.

मुआध धावला. "राहू द्या खालू, मी करतो ना."

खलफानने हात काढून घेतले. चाचपडत गाडीचं दार शोधलं, आत बसला आणि दार लावून घेतलं.

झुवैना ओरखड्यावर बोट फिरवत उभी राहिली. ओरखड्याचं तिला काही वाटलं नाही. दार लावल्याचा आवाज मात्र तिला लागला. तिने बद्रला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मी पाणी गुरुवारी सोडीन. पिकअप घ्या. एवढा काय हट्ट?" त्यात काही चूक नव्हती. ती हो म्हणणारच होती, तेवढ्यात काच खाली झाली.

"झुवैना, त्या मुलाला इकडे बोलाव."

मुआध आला.

"बेटा, तू जुन्या घरांचे दरवाजे बसवताना पाहिलेस? सागवानी, कोरलेले?"

"नाही खालू."

"एक फळी चार माणसांना उचलत नाही. पण आम्ही उचलतच नाही. खालचा खुंटा आधी दगडाच्या खोबणीत बसवायचा. मग भार दगडावर. मग फळी नुसती फिरवायची, पोरगीसुद्धा फिरवेल. या सायकलचं पुढचं चाक काढलं, ते धरणारा चिमटा वर कुठे तरी अडकवला, आणि ती जागा फिरती असली, तर?"

 मुआध आत जाऊन जाडजूड कॅटलॉग घेऊन आला आणि झुवैनाला एक चित्र दाखवलं. टपावर बाजूला फिरता खोबणीवाला खुंटा. सायकल गाडीला आडवी आणायची, चिमटा वर अडकवायचा, मागचं चाक अजून जमिनीवरच. मग ते उचलून सायकल फिरवायची आणि पट्टीत ठेवायची. "कुणी मागत नाही म्हणून ठेवत नाही मी," तो म्हणाला. "मागवावा लागेल. तीन आठवडे. तोवर सायकल इथेच राहू द्या."

"मागव," खलफान म्हणाला. मग काच वर करण्याआधी झुवैनाला म्हणाला, "आणि ओरखड्याचं बद्रला मी सांगेन. तू काही बोलू नकोस."

तीन आठवडे खलफानने रेडिओ कमी आणि बद्रची शिडी जास्त वापरली. आपल्या अंगणात शिडीचं एक टोक भिंतीच्या खुंटीत अडकवून तो दुसरं फिरवायचा. त्याच्या बायकोने झुवैनाला फोन करून विचारलं, "हा काय करतोय? घर पाडतोय का?"

खुंटा आल्यावर दोघं पुन्हा दुकानात गेली, मुआधने तो बसवून दिला आणि दोघांकडून पाच वेळा करवून घेतलं. झुवैना चिमटा अडकवायची, खिट्टी दाबायची आणि "बसला" म्हणायची. खलफान मागचं चाक उचलून फिरवायचा. ती फक्त बोलायची: "थोडं... थोडं... खाली." पाचव्या खेपेला त्याने तिला गप्पच राहायला सांगितलं. चाक पट्टीत बरोबर बसलं.

घरी पोचल्यावर झुवैना सवयीने गाडी पत्र्याच्या शेडकडे वळवायला लागली. "थांब!" खलफान ओरडला. "शेड किती उंच आहे?" तिने ब्रेक दाबला. टपावरच्या सायकलचं हँडल पत्र्यापासून चार बोटांवर होतं. दोघं बराच वेळ हसत बसली.

पुढच्या शुक्रवारी पहाटेची नमाज झाल्यावर दोघं निघाली. जबरीनच्या रस्त्यावर अजून गारवा होता. सायकल उतरवायला, चाक लावायला वीस मिनिटं गेली. झुवैना पुढे बसली. खलफान मागे.

पहिले शंभर हात सायकल सापासारखी वळली. "तू हँडलशी भांडू नकोस," मागून आवाज आला. "सरळ बघ, पायांचं मी बघतो." आणि खरंच, मागून असा जोर आला की तिला फक्त धरून राहायचं उरलं. तो एकदाही थांबला नाही. कुठे चढ आहे, कुठे रस्ता वळतो, हे तो तिच्या आधी सांगायचा.

सहा किलोमीटरवर त्याने विचारलं, "डावीकडे बाभळी आहेत अजून?"

"तीन आहेत."

"पाच होत्या," तो म्हणाला. "गिअर बदल, चढ येतोय."