सत्काराचा कोट

"साहेब, माझ्या धाकट्या बहिणीला तुम्ही मारलंत."

शिंपिणीनं हे अगदी माप सांगावं तसं सांगितलं. दवाखान्याचे मोठे डॉक्टर तिच्या दुकानातल्या आरशासमोर हात पसरून उभे. अंगावर सत्काराचा अर्धामुर्धा कोट, बगलेपासून कमरेपर्यंत टाचण्याच टाचण्या. त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं. दवाखान्यातल्या बाकड्याशेजारी रडणाऱ्या बाईचं तोंड कोण लक्षात ठेवतो?

गल्लीतल्या बायकांची एक रीत होती. जिला मूल नको, तिला पोट पाडायच्या गोळ्या मिळत. पण गोळ्या घेतलेलीला एकटी सोडायची नाही. कुणीतरी हातशिलाई घेऊन उशाशी बसायचं, शेकायची पिशवी बदलायची, रक्त जास्त वाटलं की तडक दवाखाना. आणि गोळ्या कुणी आणल्या, ते मेलं तरी बोलायचं नाही.

धाकटीनं ते शब्दशः पाळलं. बाकड्यावरून रक्त ठिबकत होतं आणि हे डॉक्टर म्हणत होते, "आधी गोळ्या देणाऱ्याचं नाव, मग स्ट्रेचर." तिनं दात आवळले ते आवळलेच. शेवटी स्ट्रेचर आलं, तोंडावर ओढायच्या चादरीसकट.

"कोण धाकटी? काढ हा कोट!" डॉक्टर गर्रकन वळले आणि "आई गं!" करून जागीच थिजले.

"हलू नका. टाचण्यांना हुद्दा कळत नाही."

शर्टावर लाल ठिपका उमटला. "रक्त! कापूस दे आधी!"

"अगं बाई, एवढ्याशाला कापूस?" पडद्याआडून गल्लीतली भाजीवाली बाहेर आली. "आमच्या पोरीनं बाकडं भिजवलं, पण हूं की चूं केलं नाही."

तिच्यामागून मावशी, मग आणखी चौघीजणी. प्रत्येकीच्या हातात शिलाई. उशाशी बसतात तशा त्या डॉक्टरांभोवती बसल्या. मावशीनं पायानं दार लोटलं.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम. तरी तोंड उघडलं ते असं, "कोणी दिल्या होत्या गोळ्या? तुमच्यातलीच ना?"

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही मेल्याचा," मावशी म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

शेवटची टाचणी शिंपिणीनं कॉलरला खोचली, गळ्याच्या अगदी लगत.

"नाव आजही मिळणार नाही. आणि पद्धत तुमचीच आहे साहेब, आधी उत्तर, मग टाचण्या काढीन. स्ट्रेचर हातभरावर होतं. का नाही दिलंत? बोला."